संगणकाला जोडलेली डिस्क मधूनच कां सुटते?

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं संगणक आहे, त्यांतील पुष्कळांच्या कपाटांत एक लहानशी चपटी पेटी असते. आकारानें ती पानाच्या डब्याहूनहि लहान. परंतु तिच्या पोटांत घरांतील पंचवीस-तीस वर्षांचीं छायाचित्रें, मुलांच्या मुंजी नि लग्नें यांचीं चित्रणें, वडिलांच्या हस्ताक्षरांतील कागदांच्या प्रतिमा, आयकराचे हिशेब, असा सगळा संसार भरलेला असतो. कोणी तिला बाह्य डिस्क म्हणतात, कोणी नुसतें हार्ड डिस्क म्हणतात. केबलनें संगणकाला जोडली कीं ती पडद्यावर दिसूं लागते. कित्येक घरीं असा अनुभव येतो कीं, काम रंगांत आलें असतांना एक खालचा सूर निघतो आणि डिस्क दिसेनाशी होते. क्षणभरानें दुसरा सूर निघून ती पुन्हा प्रकट होते; कधीं होतहि नाहीं.

अशा वेळीं मनुष्य दोन प्रकारें वागतो. पहिला प्रकार असा कीं, केबल उपटावी, पुन्हा खोंचावी, आणि चाललें कीं घडलेलें विसरून जावें. दुसरा प्रकार याच्या अगदीं उलट: डिस्क मेली असें ठरवून त्याच दिवशीं बाजारांतून नवी आणावी. पहिल्यांत धोका आहे आणि दुसऱ्यांत द्रव्यनाश. शिवाय दोष केबलचा असेल तर नवी डिस्कहि त्याच केबलवर तसाच त्रास देते. डिस्क सुटणें हें एक लक्षण आहे, रोग नव्हे. ताप आलेल्या माणसाला ज्याप्रमाणें ताप केव्हां चढतो, थंडी वाजून येतो कीं नाहीं, हें विचारावें लागतें, त्याप्रमाणेंच येथेंहि प्रथम विचारावयाचें तें हें कीं, डिस्क नेमकी केव्हां सुटते.

त्या विचारपुशीपूर्वीं एक काम मात्र विनाविलंब उरकलें पाहिजे. डिस्क ज्या घटकेला दिसत असेल त्या घटकेला तिच्यांतील जें दुसरीकडे कोठेंच नाहीं तें आधीं उतरवून घ्यावें. चित्रपट आणि गाणीं पुन्हा मिळतात. आजीच्या आवाजांतील ध्वनिमुद्रण मिळत नाहीं. म्हणून उतरवतांना सर्व डिस्क एकदम न उचलतां, अमोल तें प्रथम, थोडथोडें, असा क्रम ठेवावा. घाई कां, याचें कारण डिस्कच्या लेखनपद्धतींत आहे. ग्रंथालयांत पुस्तकें फळीवर असतात आणि कोणतें पुस्तक कोणत्या फळीवर आहे याची सूचि वेगळी असते. डिस्कवरहि तसेंच आहे. फाइलचा मजकूर एकीकडे आणि तिची नोंद दुसरीकडे लिहिली जाते. मजकूर लिहून झाला आणि सूचींत नोंद अर्धी झाली, इतक्यांत संबंध तुटला, तर पुस्तक फळीवर असूनहि तें सांपडत नाहीं. नोंदीचें पानच फाटलें तर एका पुस्तकाऐवजीं सगळें कपाट बेपत्ता होतें. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतींत अशा अर्धवट नोंदी सांवरून घेण्यासाठीं एक रोजकीर्द ठेवलेली असते. विंडोज व मॅक या दोहोंवर चालावी म्हणून पुष्कळ डिस्का ज्या एक्सफॅट पद्धतीनें आंखलेल्या असतात, तींत ही सोय नाहीं. त्या घरीं हें सुटणें अधिक महाग पडतें.

ज्या मार्गानें डिस्क जोडली जाते त्याला यूएसबी म्हणतात. १९९४ सालीं सात कंपन्यांनीं एकत्र येऊन त्याचें काम आरंभिलें आणि १९९६ च्या जानेवारींत त्याचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. या कामीं इंटेल कंपनींत ज्यांनीं पुढाकार घेतला ते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, ही गोष्ट बडोद्याशीं जुना ऋणानुबंध असलेल्या मराठी माणसास सुखावणारी आहे. या योजनेची खुबी अशी कीं, एकाच केबलमधून मजकूरहि वाहतो आणि डिस्क फिरविण्यास लागणारी वीजहि. सोय मोठी खरी, पण बहुतेक तक्रारींचें मूळहि येथेंच आहे.

वीज ५ व्होल्टची असते. २००० सालच्या यूएसबी २ च्या नियमाप्रमाणें संगणकाच्या एका छिद्रानें, म्हणजे पोर्टनें, ५०० मिलिअँपिअर प्रवाह द्यावयाचा असतो. २००८ च्या यूएसबी ३ मध्यें ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर झाली. आतां अडीच इंची डिस्क स्थिर असतांना जेव्हां फिरूं लागते तेव्हां तिला सुमारें १ अँपिअर लागूं शकतो. उभा असलेला हातगाडा ढकलतांना जो जोर लागतो तो तो चालूं लागल्यावर लागत नाहीं, तसेंच हें आहे. म्हणजे डिस्क सुरू होण्याचा क्षण हाच सर्वांत ओढगस्तीचा क्षण. पोर्ट सढळ असेल तर निभावतें. कांटेकोर असेल तर डिस्क फिरावयास लागते, दम तुटतो, थांबते, पुन्हा लागते. कान जवळ नेला असतां हा धडपडीचा आवाज स्पष्ट ऐकूं येतो.

त्यांत केबलची भर पडते. केबल म्हणजे नुसती तार, तिच्यांत बिघडण्यासारखें काय असणार, असा पुष्कळांचा समज आहे, आणि तो फार नुकसानीचा आहे. स्वस्त केबलमधील विजेच्या तारा केंसासारख्या बारीक असतात. अशी एक मीटरची केबल घेतली तर वीज जाण्याची आणि परतण्याची तार मिळून सुमारें ०.४ ओहम अवरोध होतो. तीतून ९०० मिलिअँपिअर प्रवाह गेला कीं जवळजवळ ०.३६ व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात. केबल दोन मीटरची असेल तर ५ पैकीं डिस्कच्या हातीं सव्वाचारांच्या आसपास व्होल्ट पडतात, आणि मध्यें लांबण लावण्यासाठीं आणखी एक तुकडा जोडला असेल तर विचारावयासच नको. भुकेला मजूर किती वेळ काम करील? म्हणून बाह्य डिस्कला केबल जितकी आंखूड आणि जाड तितकी बरी. डिस्कबरोबर येणारी केबल हातभर सुद्धां नसते, ती कंपनीच्या कंजूषपणामुळें नव्हे.

केबलच्या टोंकाचेंहि एक रहस्य आहे. चौकोनी तोंडाच्या नेहमींच्या यूएसबी टोंकांत पाहिलें तर चार पितळी रंगाच्या पट्ट्या दिसतात. त्यांतील कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन मजकुराच्या. आणि कडेच्या दोन मुद्दाम कांहींशा लांब ठेवलेल्या असतात. हेतु असा कीं, जोडतांना वीज प्रथम पोंचावी आणि काढतांना शेवटीं तुटावी. याचा परिणाम मात्र गमतीचा होतो. टोंक जरासें सैल होऊन बाहेर सरकलें कीं मजकुराच्या पट्ट्या सुटतात, पण विजेच्या चिकटून असतात. डिस्कवरील दिवा लागलेला, डिस्क फिरत असलेली, आणि संगणक मात्र म्हणतो कीं डिस्क नाहीं. दिवा लागला आहे म्हणजे जोड ठीक आहे, असा निष्कर्ष काढून पुष्कळ जण भलत्याच ठिकाणीं दोष शोधूं लागतात.

डिस्कच्या बाजूचें टोंक बहुधा रुंद, चपटें आणि दोन भागांचें असतें. यूएसबी ३ साठीं जुन्या लहान टोंकाला शेजारीं आणखी एक भाग चिकटवून तें केलेलें आहे, आणि त्याची रचना नाजूक आहे हें म्हणण्यास हरकत नसावी. डिस्क टेबलाच्या कडेवरून लोंबकळत ठेवली, किंवा मांडीवरच्या संगणकाबरोबर इकडेतिकडे हलत राहिली, तर हें टोंक लवकर ढिलें होतें. कोंकणपट्टींत व मुंबईच्या पावसाळी हवेंत पट्ट्यांवर मळ आणि गंज चढतो तो निराळाच. अशा वेळीं डिस्क बंद करून टोंक दोन-चार वेळां आंत-बाहेर केल्यानें मळ घांसला जातो आणि कांहीं दिवस बरें चालतें. परंतु ढिलेपणा त्यानें जात नाहीं.

समजा, एका घरीं आजोबा आपल्या वडिलांच्या रोजनिशांच्या दीड हजार पानांच्या प्रतिमा डिस्कवर चढवीत आहेत. दर वेळीं पंधरा-वीस मिनिटें झालीं कीं डिस्क सुटते. कागद जुने, कडा तुटूं लागलेल्या. पुन्हा यंत्राखालीं घालावे तर ते टिकतील कीं नाहीं ही भीति. सून म्हणते, 'मामंजी, डिस्कच बदलूं या.' आजोबा म्हणतात, 'सूनबाई, थांबा. आधीं काय काय बदलतां येतें तें पाहूं.' ही दिशा योग्य आहे, मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट आणि संगणक तिन्ही एकदम बदलले आणि दोष गेला, तर तो कोणामुळें गेला हें ब्रह्मदेवासहि सांगतां यावयाचें नाहीं. प्रथम तीच डिस्क, तोच संगणक, पण केबल दुसरी. दोष राहिला तर पहिली केबल पुन्हा लावून पोर्ट दुसरा. मोठ्या संगणकाच्या दर्शनी बाजूचे पोर्ट हे आंतून आणखी एका केबलनें मुख्य पट्टास जोडलेले असतात, म्हणून मागील बाजूचे, थेट पट्टावरील पोर्ट घेऊन पाहावे. मध्यें हब असेल, म्हणजे एका पोर्टाचे चार करणारी डबी असेल, तर ती काढावी. तिला स्वतःची वीज नसेल तर चार उपकरणें एकाच्या शिध्यावर जगत असतात. एवढ्यानेंहि न भागलें तर डिस्क त्याच केबलसह शेजाऱ्याच्या संगणकावर तासभर चालवून पाहावी. तेथें बिनतक्रार चालली तर दोष घरच्या संगणकाकडे; तेथेंहि सुटली तर डिस्ककडे, तिच्या पेटीकडे अथवा केबलकडे.

याच कसोटीची आणखी एक युक्ति आहे. डिस्क निळ्या पोर्टऐवजीं जुन्या यूएसबी २ च्या पोर्टला लावून पाहावी. तेथें वेग पुष्कळ कमी असतो. परंतु डिस्क तेथें न सुटतां चालली, तर वीज पुरत आहे आणि अतिवेगाच्या तारांत किंवा टोंकाच्या त्या जोडभागांत खोट आहे, असें अनुमान निघतें. रोजनिशांसारखें अमोल काम अशा वेळीं सावकाशीनें त्याच पोर्टवरून उरकून घेण्यास काय हरकत आहे?

आतां केव्हां सुटते या प्रश्नाकडे वळावें. हात लागतांच सुटत असेल तर टोंक दोषी. मोठ्या नकला चालू असतांना सुटत असेल तर वीज, केबल किंवा उष्णता यांच्याकडे बोट जातें. विशेषतः गादीवर ठेवलेली डिस्क तापून त्रास देते. नव्या तऱ्हेच्या एसएसडी डिस्कांत फिरणारें कांहीं नसलें तरी त्याहि सतत लेखनानें तापतात. उलट, कोणी कांहीं करीत नसतांना, जेवून परत येईपर्यंत सुटत असेल, तर तो बहुधा संगणकाच्या काटकसरीचा प्रताप असतो. वीज वांचविण्यासाठीं संगणक स्वस्थ दिसणाऱ्या उपकरणास निजवितो, आणि कांहीं डिस्का निजल्या कीं धड उठत नाहींत. विंडोजमध्यें कंट्रोल पॅनलमधील पॉवर ऑप्शन्समध्यें जाऊन प्रगत मांडणींत 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' ही सवलत बंद करावी. डिव्हाइस मॅनेजरमध्यें यूएसबी रूट हब या नांवाखालीं पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर, वीज वांचविण्यासाठीं हें उपकरण बंद करण्याची मुभा देणारी जी खूण असते तीहि काढावी. मॅक संगणकांतहि डिस्का निजविण्याची अशीच एक मांडणी आहे. मांडीवरच्या संगणकाची बॅटरी यामुळें किंचित लवकर उतरेल; डिस्क लावलेली असेपर्यंत तेवढें सोसावें.

आपल्याकडील घरांत एक निराळाच प्रकार घडतो व तो इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत फारसा आढळत नाहीं. साडेतीन इंची मोठ्या डिस्कांना १२ व्होल्टची वीज लागते आणि ती भिंतीवरील खोंचणींतून स्वतंत्र अडॅप्टरनें येते. संगणक यूपीएसवर असतो, पण डिस्कचा अडॅप्टर, यूपीएसवर जागा नाहीं म्हणून, साध्या बोर्डावर लावलेला असतो. वीज क्षणभर लपकली, दिवे नुसते मिचकावले, तरी संगणक यूपीएसमुळें चालूच राहतो आणि डिस्क मात्र बंद पडून पुन्हा सुरू होते. घरच्या माणसास वाटतें, वीज तर गेली नव्हती! पाण्याचा पंप सुरू होण्याच्या वेळीं डिस्क सुटत असेल तर याचीच शंका घ्यावी. उपाय साधा: ज्या यूपीएसवर संगणक, त्याच यूपीएसवर डिस्क. अडॅप्टर हरवला म्हणून घरांतील दुसराच कोणता तरी, टोंक बसलें एवढ्यावरून लावण्याची चाल मात्र अत्यंत वाईट. टोंकें सारखीं असून व्होल्ट भिन्न असूं शकतात, आणि मग डिस्क सुटत नाहीं, जळते.

एवढें करूनहि उलगडा न झाल्यास संगणकाच्या दप्तरांत पाहावें. विंडोजमध्यें इव्हेंट व्ह्यूअर नांवाची नोंदवही आहे. तिच्या सिस्टिम या भागांत डिस्कच्या नांवें नोंदी सांपडतात. १५७ क्रमांकाची नोंद असेल तर डिस्क अचानक काढली गेली, म्हणजे संबंध तुटला, एवढेंच तीवरून कळतें. ७ क्रमांकाची असेल तर ती अधिक गंभीर. तिचा अर्थ डिस्कवर खराब जागा सांपडली. याखेरीज डिस्क स्वतःच आपल्या प्रकृतीची टिपणें ठेवते, त्यांस स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो सारख्या फुकट मिळणाऱ्या साधनानें तीं वाचतां येतात. त्यांतील पुष्कळ आंकडे सामान्य माणसानें सोडून द्यावे. ५ आणि १९७ या क्रमांकांकडे तेवढें लक्ष द्यावें: पहिल्यांत बदलून घेतलेल्या जागा आणि दुसऱ्यांत संशयित जागा मोजलेल्या असतात. हे आंकडे शून्य असावे. आठवड्यागणिक वाढत असतील तर डिस्क जात चालली आहे. १९९ हा आंकडा वाढत असेल तर दोष जोडणींत आहे, मात्र बाहेरच्या केबलच्या नव्हे, पेटीच्या आंतील.

पेटी असें म्हटलें, तें कारणपरत्वें. बाह्य डिस्क म्हणजे आंत एक डिस्क आणि तिची भाषा यूएसबीच्या भाषेंत फिरविणारी एक छोटी पट्टिका, असे दोन जीव असतात. कित्येकदां डिस्क ठणठणीत असते आणि ही दुभाषी पट्टिका थकलेली असते. अशा वेळीं जाणत्या माणसाकडून डिस्क काढवून थोड्या खर्चांत नव्या पेटींत बसवितां येते. येथें दोन अडचणी संभवतात. कांहीं बनावटींत यूएसबीचें टोंक थेट डिस्कच्याच पट्टिकेवर बसविलेलें असतें, वेगळी दुभाषी नसतेच. दुसऱ्या कांहींत दुभाषी पट्टिका मजकूर सांकेतिक लिपींत लिहिते. ती बाजूला काढली कीं डिस्क वाचतां येत नाहीं. म्हणून उघडण्यापूर्वीं आपली बनावट कोणती याची चौकशी करावी.

डिस्कमधून टक्-टक् असा नियमित आवाज येऊं लागला, किंवा दर वेळीं त्याच एका फाइलपाशीं येऊन ती अडूं लागली, तर प्रयोग तेथेंच थांबवावे. वाचनाचें टोंक फिरत्या तबकडीपासून कांहीं नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतें. माणसाचा केंस त्याच्या हजारों पट जाड. तें टोंक बिघडून तबकडीला घांसूं लागलें असेल तर डिस्क चालू ठेवलेला प्रत्येक मिनिट मजकूर खरवडून काढीत असतो. डिस्क रात्रभर फ्रिजमध्यें ठेवावी हा उपाय अजून सांगितला जातो. थंड डिस्क बाहेर काढली कीं आपल्या दमट हवेंत तिच्यावर दंव धरतें, हें कैरीचें पन्हें करणाऱ्या कोणासहि ठाऊक आहे. मजकूर खरोखर हवा असेल तर डिस्क बंद करून या कामाच्या जाणकाराकडे द्यावी. खर्च पुष्कळ येतो.

पडद्यावर 'फॉरमॅट करा' अशी सूचना आल्यास होय म्हणूं नये, हें घरांतील मुलांसहि सांगून ठेवावें. सूचि वाचतां आली नाहीं म्हणजे संगणक कपाट रिकामें समजून नवी सूचि मांडूं पाहतो. तसेंच चेकडिस्क नांवाचें दुरुस्तीचें साधन निरोगी डिस्कवर विस्कटलेली सूचि लावून देतें, पण आजारी डिस्कवर तें पहिल्यानें चालवूं नये. तें सगळी डिस्क ढवळतें आणि तुटक्या नोंदी कापून टाकतें. नक्कल प्रथम, दुरुस्ती मागाहून.

काम संपल्यावर डिस्क काढण्यापूर्वीं संगणकास तशी आज्ञा देण्याचा रिवाज अनेकांनीं सोडला आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून बाह्य डिस्कवरील लेखन लांबणीवर न टाकण्याची मांडणी मुळांतच केलेली असते, म्हणून हें बव्हंशीं खपून जातें. तरीहि दिवा लुकलुकत असतांना केबल ओढणें म्हणजे लिहिणाऱ्याच्या हातून लेखणी हिसकावणेंच. आणि मॅकवर तर आज्ञा दिल्याशिवाय काढल्यास संगणक दर वेळीं नापसंती दर्शवितो.

दोषी ठरलेल्या केबलविषयीं एक सूचना. ती टांकून देण्यास मन होत नाहीं, आणि ती पुन्हा खणांत जाऊन इतर केबलांत मिसळते. दिवाळीच्या झाडलोटींत कोणाच्या तरी हातीं लागते, चांगली दिसते, आणि मुलीबरोबर वसतिगृहावर जाते. म्हणून दोष सिद्ध होतांच कात्री आणून तिचे दोन तुकडे करावे.